मॅक्लिओडगंजला जातेयस ना, मग आधी हे वाच

अगं,

तुझी ती एक्सेल शीट उघडली, बघितली आणि आधी उठून चहा ठेवला, कारण तिथल्या तिथे उत्तर लिहिलं असतं तर तू परत कधी मला काही विचारलं नसतंस. सात दिवसांत अमृतसर, डलहौसी, मॅक्लिओडगंज, बीर आणि वर मनाली! मॅक्लिओडगंजच्या वाट्याला दीड दिवस, त्यातही मॉनेस्ट्री एक तास, भागसू धबधबा एक तास, मोमो, शॉपिंग, ट्रिउंड सनराईज, आणि शेवटच्या कॉलममध्ये "दलाई लामा - दिसतील का?" असं लिहिलंयस, जणू काही ते ताडोबातले वाघ आहेत. हसले मी खूप. मग जरा वेळाने माझीच पहिली ट्रिप आठवली, २००४ ची, ती यापेक्षा काही वेगळी नव्हती, त्यामुळे हसणं बंद केलं आणि लिहायला बसले.

तू विचारलंयस की रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल करायचंय तर नक्की काय काय करायचं, बांबूचा ब्रश आणि कापडी पिशव्या घेतल्यात. घे, छान आहेत. पण माझ्याकडून एकच सल्ला हवा असेल तर तो हा की बाकीची चारही नावं खोड आणि सगळे दिवस मॅक्लिओडगंजला रहा. खरंच. पाच गावं सात दिवसांत म्हणजे निम्मा वेळ टॅक्सीत जातो, आणि त्या डोंगरांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर आपल्या गाड्यांचा. आणि दुसरं म्हणजे दीड दिवसात कोणाला तू परत दिसत नाहीस. तिथे जे काही मिळण्यासारखं आहे ना, ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्याच चहावाल्याकडे परत गेल्यावर, त्याने "कल नहीं आये?" विचारल्यावर मिळायला सुरुवात होते.

आता हे गाव कोणाचं आहे ते थोडं सांगते, कारण ते कळलं की कसं वागायचं याच्या निम्म्या सूचना मला द्याव्या लागणार नाहीत. मॅक्लिओड नावाचा पंजाबचा एक लेफ्टनंट गव्हर्नर होता, त्याच्या नावाचं हे इंग्रजांचं हिल स्टेशन. ४ एप्रिल १९०५ ला कांगड्याचा भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसं गेली, आणि त्यानंतर इंग्रजांचा इथला जीवच उडाला. देवदारांच्या झाडीत सेंट जॉनचं दगडी चर्च आहे, ते बघशील, लॉर्ड एल्गिन हा व्हाइसरॉय तिथे पुरलाय, भूकंपात चर्च वाचलं पण घंटेचा मनोरा पडला. फाळणीनंतर तर गाव ओसाडच झालं. उरले कोण, तर १८६० पासून दुकान चालवणारं नौरोजी नावाचं एक पारशी कुटुंब! त्या घरातल्या नौझर नौरोजींनी सरकारला सुचवलं की तिबेटहून आलेल्या दलाई लामांना रहायला आमचं हे रिकामं गाव द्या. दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये भारतात आले होते, आधी मसुरीला होते, आणि ३० एप्रिल १९६० ला इथे आले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चौकात ते दुकान होतं, काचेच्या बरण्या, जुन्या जाहिरातींच्या पाट्या, आणि मला अगदी आपल्या इराणी हॉटेलात शिरल्यासारखं वाटलं होतं.

पण या सगळ्यांच्या आधीपासून तिथे गद्दी लोक आहेत, मेंढपाळ, धौलाधारची डोंगररांग ओलांडून इंद्रहार खिंडीतून चंबा-भरमौरकडे मेंढ्या घेऊन ये-जा करणारे. धरमकोट, नड्डी ही त्यांची गावं. स्लेटच्या पातळ दगडी छपराची घरं दिसली की समज. आपण लोक तिथे जाऊन तिबेटच्या राजधानीच्या नावाने "लिटल ल्हासा, लिटल ल्हासा" करत फिरतो आणि ज्याच्या शेतातून आपली पायवाट जाते तो गद्दी म्हातारा आपल्याला दिसतच नाही. त्याला दिसतं बरं का सगळं. त्यामुळे तिबेटी "ताशी देलेक" पाठ करशीलच, पण त्याला हिंदीत नीट "नमस्ते जी" म्हणायला विसरू नकोस.

तिबेटी लोकांशी बोलताना एक प्रश्न तेवढा टाळ. "तुम्ही परत कधी जाणार?" आपल्याला वाटतं आपण काळजीने विचारतोय. तिथली जी तिशी-चाळिशीतली माणसं तुला भेटतील ना, कॅफेत काम करणारी, दुकान चालवणारी, त्यातल्या कित्येकांनी तिबेट पाहिलेलंच नाही, जन्मली भारतात, शिकली भारतात, हिंदी गाणी तुझ्यापेक्षा जास्त पाठ, आणि तरी बहुतेकांकडे पासपोर्ट नाही. त्यांच्याकडे आरसी असते, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ते ठराविक काळाने रिन्यू करत रहायचं, आणि परदेशी जायचं तर आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट नावाचं पिवळं पुस्तक. कायदा असा की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला नागरिकत्व मागता येतं, पण कित्येक जण मागतच नाहीत, काही मनापासून नाही म्हणतात, काहींना त्या कागदपत्रांच्या भानगडीत पडायचं नसतं, आणि ८७ नंतर जन्मलेल्यांना तर ते इतकं सोपं नाही. एकाच घरात मोठ्या भावाला हक्क आणि धाकट्याला नाही, असं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लावायला किती हेलपाटे पडतात ते तुझ्या बाबांना विचार, आणि इथे तर आख्ख्या माणसाचाच सातबारा नाही.

मंदिरापासून सुरुवात कर, पण तुझ्या शीटमधला तो एक तास विसर. मुख्य मंदिराला त्सुगलागखांग म्हणतात, जीभ वळेपर्यंत दोन दिवस जातात, लोक नुसतं "टेम्पल" म्हणतात. आत तीन मोठ्या मूर्ती आहेत, शाक्यमुनी बुद्ध, पद्मसंभव आणि अवलोकितेश्वर. तिसऱ्या मूर्तीपाशी जरा थांब. ल्हासाच्या जोखांग मंदिरात अवलोकितेश्वराची जुनी मूर्ती होती, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत ती फोडली आणि तुकडे रस्त्यावर टाकले. लोकांनी अनेक मुखांच्या त्या मूर्तीचे काही चेहरे उचलले, लपवले, नेपाळमार्गे भारतात पोचवले, आणि त्यातले दोन, एक उग्र आणि एक शांत, इथल्या नव्या मूर्तीपाशी जपलेत. हे माहीत नसताना मी ती मूर्ती दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा माझं लक्ष समोर ठेवलेल्या बिस्किटांच्या आणि ज्यूसच्या पाकिटांच्या रचनेकडे होतं (नैवेद्य म्हणून ठेवतात, सुंदर मनोरे करतात, तूही बघशील).

आता मंदिराच्या टेकडीभोवती जी पायवाट आहे तो कोरा. कोरा म्हणजे प्रदक्षिणा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे घालतात तशीच, मंत्रांची फिरती मणी-चक्रंसुद्धा त्याच दिशेने आणि उजव्या हाताने फिरवायची. दगडांवर मंत्र कोरलेले असतात ते उचलून पर्समध्ये घालायचे नाहीत, हे तुला सांगायला नको पण तुझ्यासोबत जे मित्र येतायत त्यांना सांग. निवांत चाललं तर अर्धा-पाऊण तास लागतो. पहाटे जा. म्हातारी माणसं असतात, हातात १०८ मण्यांची माळ, पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन म्हणजे लग्न झालेल्या बायकांचा पुढे बांधायचा एप्रन, पायात मात्र स्पोर्ट्स शूज, आणि मागे-पुढे गावातली गलेलठ्ठ कुत्री.

याच कोऱ्यावर मी माती खाल्ली होती, ते सांगते. २००४, नवा नवा डिजिटल कॅमेरा, मीच घेतलेला, पहिल्या पगारांच्या बचतीतून. एक आजी भिंतीशी टेकून उभ्या होत्या, दम खात, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं असं जाळं की फोटोग्राफीच्या स्पर्धेतच जाणार. मी न विचारता दोन फोटो काढले. तिसऱ्याला त्यांना कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, काही नाही, फक्त माळ असलेला हात चेहऱ्यासमोर धरला, भिंतीकडे वळल्या, आणि मी तिथून जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं काही धार्मिक कारण असेल. दोन दिवसांनी एका तरुण भिक्खूला विचारलं, तो म्हणाला, काहींचे भाऊबहीण, मुलं अजून तिकडे आहेत, इकडच्या फोटोत आपला चेहरा दिसला तर तिकडे कोणाला तरी बोलावणं जाईल अशी भीती असते. म्हणजे माझी स्पर्धा आणि त्यांचा भाऊ. मी ते फोटो डिलीट केले पण त्यांना जाऊन सांगायचं धाडस झालं नाही, शोधलंही नाही मी फार, खरं सांगायचं तर. तेव्हा निदान रील्स नव्हते. त्यामुळे विचार, आणि विचारल्यावर मान हलली नाही तर फोन खिशात. लांबून झूम करणं म्हणजे विचारणं नव्हे.

१० मार्चच्या आसपास जात असशील तर हे दुप्पट लागू. १९५९ च्या ल्हासाच्या चीनविरुद्धच्या उठावाचा तो दिवस, दुकानं बंद असतात, मोर्चा निघतो, पोरं गालावर झेंडा रंगवून येतात. मंदिराच्या दारापाशी, ज्यांनी तिबेटमध्ये स्वतःला जाळून घेतलं त्यांचं स्मारक आहे, २००९ पासून दीडशेहून जास्त माणसं आहेत अशी, त्यातली कितीतरी वीस-बावीसची. तिथे उभं राहून लाइव्ह करू नकोस. गावात एका लहान मुलाचे पोस्टरही दिसतील, गुबऱ्या गालांचा, लाल जॅकेटमधला, त्याला १९९५ च्या मे महिन्यात दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून, म्हणजे त्यांच्या खालोखाल मान असलेले लामा म्हणून जाहीर केलं आणि तीन दिवसांत चीनने त्याला उचललं, सहा वर्षांचा होता, तेव्हापासून बाहेरच्या कोणी त्याला पाहिलेलं नाही. पोस्टरवर तो अजून सहाच वर्षांचा आहे.

बरं, आता तुझा तो शेवटचा कॉलम. दलाई लामांना ६ जुलै २०२५ ला नव्वद पूर्ण झाली. प्रवचनं असतात, फुकट असतात, वेळापत्रक त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर येतं, आधी ओळखपत्र दाखवून नोंदणी करावी लागते, आणि कोणी एजंट "व्हीआयपी पास" विकत असेल तर सरळ पुढे निघायचं. आत फोन-कॅमेरा चालत नाही. काय न्यायचं तर बसायला उशी किंवा चटई, एक कप, आणि एफएम लागणारा छोटा रेडिओ इअरफोनसकट, कारण ते तिबेटीत बोलतात आणि भाषांतर एफएमवर चालू असतं. कप कशाला, तर भिक्खू मोठाल्या किटल्या घेऊन फिरतात आणि चहा ओततात, लोण्याचा, खारा. पहिला घोट घेतल्यावर तोंड वाकडं करू नकोस, चहा म्हणून पिऊ नकोस, सूप समजून पी, मग लागतो चांगला. आणि त्या दिवसांत ते तिथे नसले तर नसले गं, पावसाळ्यात बऱ्याचदा लडाखला असतात. दुपारी भिक्खूंचा वादविवाद चालतो तो बघ, एक बसलेला आणि दुसरा उभा, उभा असलेला प्रश्न टाकताना पाय आपटून फटकन टाळी वाजवतो, आपल्याला वाटतं भांडण जुंपलंय आणि दोन मिनिटांनी दोघं खो खो हसतायत.

पोचायचं कसं ते विचारलं होतंस. विमान धर्मशाळेजवळच्या गग्गलपर्यंत जातं पण तू पुण्याहून झेलम एक्स्प्रेस घे, पठाणकोट कॅन्टला उतर, तिथून बसने धर्मशाळा. लांबचा प्रवास आहे, दीड दिवसाच्या वर, पुस्तक ने. पठाणकोटहून कांगडा व्हॅलीची ती छोटी नॅरोगेज गाडी आहे, १९२९ ची, पण ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हा ती पठाणकोटकडून तुटली होती, त्यामुळे तिच्या भरवशावर प्लॅन करू नकोस, आधी बघून घे. धर्मशाळेहून वर मॅक्लिओडगंजला टॅक्सी न करता रोपवे घे किंवा लोकल बस. रोपवे २०२२ च्या जानेवारीत सुरू झालाय, काही मिनिटांत वर नेतो. वरचा तो मुख्य चौक म्हणजे आपल्या मंडईएवढाही नाही, आणि शनिवार-रविवारी दिल्ली-पंजाबच्या गाड्या अशा अडकतात की बाजूच्या फुटपाथवर उभं राहून बघावंसं वाटतं, तर फुटपाथ नाही. शनिवार-रविवारी तू नड्डीकडे किंवा खाली नोर्बुलिंगका या कारागिरांच्या संस्थेकडे निघून जा, चौकात येऊच नकोस. (नड्डीजवळच्या दल लेकचं नाव ऐकून श्रीनगर डोक्यात आणू नकोस, छोटं तळं आहे, पाणी झिरपून जातं, कधी कधी नुसता चिखल असतो.)

जुलै-ऑगस्टला जाऊ नको म्हणाले होते त्याचं कारण नुसता पाऊस नाही. धर्मशाळेचा पाऊस आपल्या महाबळेश्वरएवढा नसला तरी घाटमाथ्याची आठवण यावी असा असतो. १२ जुलै २०२१ ला भागसूनागला पूर आला, पार्क केलेल्या गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहिल्या, व्हिडिओ तूही पाहिला असशील. तो नाला आधी रुंद होता, कडेने बांधकामं आणि पार्किंग येत येत त्याचं गटार झालं, मग पाणी जाणार कुठे. आणि हा सगळा पट्टा भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या झोनमध्ये, १९०५ वर सांगितलंच. तरी उतारावर पाच-पाच मजली हॉटेलं उभी आहेत, कारण आपल्याला बाल्कनीतून धौलाधार पाहिजे. तर तू असं कर, बाल्कनीचा हट्ट सोड, जुन्या, दोन मजली, घरच्यांनी चालवलेल्या गेस्टहाऊसमध्ये रहा, धरमकोटला गद्दी घरांमध्ये खोल्या मिळतात, गावात मठांची गेस्टहाऊसं आहेत, साधी, स्वच्छ, गेट लवकर बंद होतं तेवढं लक्षात ठेव.

आणि पाणी. इतका पाऊस पडतो म्हणून पाणी मुबलक असेल असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. एकदा मे महिन्यात गेले, एका हॉटेलात उतरले, नाव नाही सांगत, सकाळी नळ कोरडा. मॅनेजर म्हणाला टँकर येतोय. मी चिडचिड करत खाली आले तर मागच्या बाजूला दोन बायका कॅन घेऊन नळाशी रांगेत, आणि टँकर आला तो सरळ आमच्या टाकीला लागला. त्या बायका बघत होत्या. त्या दिवशी मी अंघोळ केली का, तर केली, शॉवरखाली, सवयीने, आणि मध्येच आठवलं. तेव्हापासून तिथे बादली मागते. एक बादली, बास. टॉवेल-चादर रोज बदलू नका म्हणून सांगायचं. प्यायला स्टीलची बाटली ने, उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणी कॅफेत, दुकानात भरून मिळतं, थोडे पैसे घेतात, द्यायचे. हिमाचलात पॉलिथिनच्या पिशव्यांवर २००९ पासून बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळतातही, पण चिप्सच्या पाकिटांचं कोण काय करणार. वेस्ट वॉरियर्स नावाची संस्था तिथे कचऱ्याचं काम करते, त्यांची पोरं डोंगरावरून गोण्या भरून खाली आणतात. तू तुझी रॅपर्स बॅगेत भरून परत पुण्यात आण, हसू नकोस, इथे निदान कचरावेचकांच्या "स्वच्छ" संस्थेतल्या ताई त्यांचं वर्गीकरण तरी करतात.

ट्रिउंड जरूर कर, पण सनराईजसाठी तंबू ठोकायचा अट्टाहास नको. साधारण २,८५० मीटरवर गवताळ माळ आहे, समोर धौलाधारची भिंत एकदम अंगावर येते. गल्लू देवीच्या मंदिरापासून सहा-एक किलोमीटर, तू तर दर रविवारी सिंहगड करतेस, तुला जमेल. रात्री रहायचे नियम वनखातं बदलत असतं, जायच्या आधी तिथेच चौकशी कर आणि जो नियम असेल तो पाळ, "सब चलता है" म्हणणारा कॅम्पवाला भेटेलच. वाटेत गद्दी लोकांच्या चहाच्या टपऱ्या आहेत, तिथला चहा खालच्यापेक्षा महाग का म्हणून हुज्जत घालू नकोस, ते सिलिंडर खेचराच्या पाठीवरून वर आलंय. आणि वर पताका बांधायला नेऊ नकोस बाई. त्या लुंगता, निळ्या-पांढऱ्या-लाल-हिरव्या-पिवळ्या, आकाश-वारा-अग्नी-पाणी-पृथ्वी, सुती असल्या की वाऱ्यापावसाने विरून जातात, विरणं हाच त्यांचा हेतू आहे. आपण बाजारातून नायलॉनच्या घेतो, झुडपाला बांधतो, फोटो काढतो, आणि त्या तिथे वर्षानुवर्षं कचरा होऊन लोंबतात. बुलेटच्या हँडलला बांधणाऱ्यांबद्दल तर मी काही बोलतच नाही.

खाण्यावर मी लिहायला लागले तर हे पत्र संपायचं नाही. एवढंच सांगते की मोठ्या रेटिंगच्या कॅफेच्या आधी रस्त्याकडेला स्टुलावर बसलेल्या बायका शोध. लाफिंग खा. मुगाच्या सत्त्वाची, गार, थरथरीत पोळी असते, ती बाई तिच्यावर लाल तिखटाचं तेल फासते, लसणाचं पाणी, सोया, मग सुरळीच्या वडीसारखी गुंडाळते आणि कापून वाटीत देते. हातांचा वेग बघत रहावा असा. टिंगमो म्हणजे वाफवलेला पाव, घड्या घड्यांचा, थुक्पा तर तुला माहीतच आहे, आणि त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपलं सातूचं पीठच जवळजवळ, ते खाऊन मला थेट आजीच आठवली. त्या बाईला "आमा-ला" म्हण. आमा म्हणजे आई, आणि ला म्हणजे आपलं "जी", आजोबांना "पो-ला", वडिलांच्या वयाच्या माणसाला "पा-ला", शिकवणाऱ्याला "गेन-ला". आभार म्हणजे "थुजेछे". भाव करायचा तर स्वेटर-शालीचा कर, लाफिंगचा करू नकोस.

खरेदीचं म्हणशील तर "अँटिक तिबेटन" म्हणून जे पितळी बोल आणि मूर्ती मिळतात त्यातलं बरंचसं दुसरीकडच्या कारखान्यांतून येतं. घ्यायचंच असेल तर खाली सिद्धपूरला नोर्बुलिंगका आहे, १९८८ साली सुरू झालेली संस्था, तिथे थांगका म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं रंगवणारे, लाकूड कोरणारे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. एक थांगका रंगवायला महिने जातात, आणि देवतेचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. मी एकदा एका मुलाच्या मागे वीस मिनिटं उभी होते, तेवढ्या वेळात त्याने एका ढगाची एक कड रंगवली. किंमत ऐकून परत आले आणि पोस्टकार्ड घेतलं, त्याची काही लाज वाटली नाही मला.

आणि तुझ्याकडे आता सातही दिवस असतील (खोडलीस ना ती चार नावं?), तर इंग्रजी कॉन्व्हर्सेशन क्लासला जा. ल्हा नावाची संस्था आहे, १९९७ पासूनची, अजूनही काही ठिकाणी चालतात असे वर्ग. शिकवायचं काही नसतं, तासभर बसून गप्पा मारायच्या, समोर भिक्खू, नन, कधी एखादा स्वयंपाकी. मात्र एक दिवस जाऊन फोटो काढून "व्हॉलंटियरिंग" असं बायोत लिहायचं असेल तर राहू दे, रोज नवा माणूस येऊन "व्हॉट इज युअर नेम" विचारतो याचा त्यांनाही कंटाळा येतो. आठवडाभर रोज गेलीस तर अर्थ आहे. माझ्या वेळी वर्ग गच्च भरायचे, कारण २००८ च्या आधी दरवर्षी दोन-तीन हजार माणसं हिमालय ओलांडून येत होती. आता वर्षाला शंभरसुद्धा येत नाहीत, सीमा इतकी आवळलीये, आणि जे इथे आहेत त्यातली तरुण मंडळी युरोप-अमेरिका-कॅनडाला निघालीत. गेल्या खेपेला माझ्या गटात तीनच जण होते. त्यातल्या एका पन्नाशीच्या ननने मला विचारलं, तुमच्या गावात डोंगर आहेत का? मी सह्याद्री सांगितला, उंची सांगितली, कळसूबाई १,६४६ मीटर. ती म्हणाली, "दॅट इज नॉट माउंटन, दॅट इज फील्ड," आणि मग इतकं हसली की दुसऱ्या गटाचे लोक वळून बघायला लागले.

विपश्यनेचं विचारत होतीस, तर धरमकोटला गोएंका गुरुजींच्या परंपरेचं केंद्र आहे, आणि शेजारीच तुषिता, तिबेटी बौद्ध परंपरेतलं, १९७२ पासून. पण दहा दिवसांचं शिबिर करायचं तर इगतपुरी तुला दोन पावलांवर आहे, हिमालयात जाऊन डोळे मिटून कशाला बसतेस.

एक माझं काम आहे, जमलं तर. मी नागपूरला लहानाची मोठी झाले, तिथे हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची, अजून लागतात. आमची ठरलेली एक बाई होती, आई दरवर्षी तिच्याकडूनच घ्यायची आणि दरवर्षी घासाघीस करून थकवायची तिला. आम्ही सगळे तिला "ए नेपाळी" म्हणायचो. पंधरा-वीस वर्षं! मॅक्लिओडगंजहून आल्यावर त्या डिसेंबरात मी गेले आणि तिला "आमा-ला" म्हटलं, तर ती दोन सेकंद बघतच राहिली, आणि मग चक्क वऱ्हाडी मराठीत म्हणाली, कुठं शिकली व? तेव्हा कळलं की ती गोंदिया जिल्ह्यातली, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग म्हणून तिबेटी वसाहत आहे, १९७२ सालची, तिथली. भातशेती आहे घरची. आपल्याच राज्यातली, आणि आम्ही तिला नेपाळला पाठवून मोकळे. आता तिची सून दुकान लावते, म्हातारीचे गुडघे गेलेत, धर्मशाळा तिने आयुष्यात एकदाच पाहिलीये. तर पहाटे कोऱ्यावर जाशील तेव्हा एक फेरी तिच्या नावाने घाल, आणि मंदिराबाहेर उदबत्ती मिळते, ती जाड, तपकिरी, ज्युनिपरच्या वासाची, तिची दोन पाकिटं आण. रंगीत डब्यातली नको, कागदात गुंडाळलेली साधी. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला जातेय, चल तूही, स्वेटर नाहीतरी तुला लागणारच आहे.

तुझी,
ताई

ता. क. तिकीट काढलंस की खालची बर्थ कन्फर्म झाली का ते कळव. आणि त्या शीटला नवं नाव दे, "हिमाचल ५ इन ७" बघून परत हसू येतंय.